खुडूक कोंबडी विकू नका!

‘खुडूक झाली मेली. आता दीड-दोन महिने काही कामाची नाही. येत्या बाजारी देऊनच टाकते...’

बचत गटाच्या बैठकीला गावोगाव फिरताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी ते सुरू केलं तरी मी पूर्ण करू शकते. बारा-पंधरा अंडी दिली की गावरान कोंबडी एक दिवस पिसं फुलवून कोपऱ्यात बसते. हात लावायला गेलं की चोच मारते, घशातल्या घशात खुडखुड करते, दाण्यापाण्याची शुद्ध राहत नाही. अंडी अर्थातच बंद. मग कुणी तिला पाण्याच्या बादलीत बुचकळतं, कुणी तिच्या नाकात पीस अडकवतं, कुणी टोपल्याखाली दोन दिवस उपाशी कोंडतं. एवढं करूनही ऐकली नाही तर पाहुणे यायची वाट पाहायची!

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे, की तिला विकू नका. सध्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्या कडकनाथ कोंबडीचा एवढा बोलबाला आहे, तिचा वंश घरच्या घरी वाढवायचा असेल तर ही खुडूक गावरानच कामाला येते. कारण कडकनाथ कोंबडी अंडी देते, पण ती उबवायला बसायचा तिला बहुधा कंटाळा. बसली तरी चार-सहा दिवसांत उठून जाते. काही कोंबड्या अपवाद निघतात, पण त्यांच्या भरवशावर अंडी घालवू नयेत.

आधी या काळ्या कोंबडीविषयी थोडं. ती मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ आणि धार जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातली. भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली. तिकडे तिला ‘कालीमासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. पिसं, कातडी, चोच, पाय, तुरा, जीभ, हाडांवरचा पडदा, सगळ्यांवर काळी नाहीतर जांभळट झाक. भिलाला समाजाची वस्ती आपल्याकडेही आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतल्या भिंगाऱ्याकडे गेलं की पलीकडे मध्य प्रदेशच लागतो. झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टने अर्ज केला आणि २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वेळी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही आपला दावा सांगितला होता. दोन राज्यं एका कोंबडीसाठी भांडली, म्हणून ती घराघरात पोचली असं मला वाटतं. मानांकन झाबुआचं आहे, तेव्हा आपल्या परसातला पक्षी ‘कडकनाथ’ म्हणून विकता येतो, पण ‘झाबुआ मानांकनाचा’ म्हणून नाही, हेही लक्षात असू द्या.

मोबाइलवर काळ्या कुळकुळीत अंड्यांचे फोटो फिरतात. ते खोटे आहेत. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, मलईच्या रंगाचं असतं आणि आपल्या गावरानीच्या अंड्यासारखंच लहान. रक्तही काळं नसतं, लालच असतं. मांसात प्रथिनं जास्त आणि चरबी कमी, हे खरं. पण मधुमेहापासून दम्यापर्यंत सगळं बरं होतं म्हणून जे सांगतात, त्यांना डॉक्टरची चिठ्ठी मागा. खायला चविष्ट पक्षी आहे, औषध नाही.

आता खुडूक कोंबडीकडे वळू. ती आजारी नसते, आळशीही नसते. तिच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात सुटतं, म्हणून ती बसते. बाळंतपणानंतर आपल्याला दूध येतं, तेही याच संप्रेरकामुळे. हे मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या संग्रामपूरकडच्या एका आजी म्हणाल्या, ‘म्हंजे थे रिकामी नाई बसली वं माय, थे तं कामावर बसली हाय.’ मी इतका वेळ जे समजावत होते, ते आजींनी एका वाक्यात उरकलं.

पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या फार्मच्या कोंबड्यांत ही बसण्याची वृत्ती माणसाने निवड करून करून घालवून टाकली. त्यांना वर्षभर अंडीच द्यायची असतात. गावरानीत ती टिकली, कारण आपल्या आज्या-पणज्यांना पिलं हवी होती. गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठच अंडी देते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा, की ती अंडी देते, उबवते, पिलं वाढवते आणि घारीशी भांडते सुद्धा. चारही कामांची मजुरी शून्य!

कोंबडी बसवण्याची रीत बऱ्याच जणींना माहेरीच कळलेली असते. पण त्यामागचं कारण माहीत असलं तर पिलं जास्त निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे अंडी गोळा करणं. कोंबडी एका दिवशी एकच अंडं देते, तेही रोज नाही. मग पंधरा दिवसांत साठलेल्या अंड्यांतून पिलं एकाच दिवशी कशी निघतात? तर फलित अंडं थंड राहिलं की आतला जीव थांबून राहतो. ऊब मिळाली की वाढ सुरू होते. म्हणून जोवर सगळी अंडी एकदम कोंबडीखाली जात नाहीत, तोवर ती गारव्यात हवीत आणि शक्यतो आठवड्याच्या आतली हवीत. त्याहून जुन्या अंड्यांतून पिलं कमी निघतात. निमुळतं टोक खाली, रुंद टोक वर ठेवायचं, कारण हवेची पिशवी रुंद टोकाला असते. अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक पातळ थर असतो, तो धुतला गेला की कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. फार घाणीचं अंडं सरळ ऑम्लेटला.

आपल्याकडे खरा घोटाळा उन्हाळ्यात होतो. घाटावरच्या बुलढाणा-चिखलीत त्यातल्या त्यात बरं, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात मे महिन्यात काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. अंडं उबायला ३७.५ अंश सेल्सिअस लागतात. टिनाच्या छपराखाली दुपारी त्याहून जास्तच असतं! म्हणजे स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेलं अंडं कोंबडीशिवायच अर्धवट उबायला लागतं, रात्री थोडं गार होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापतं. अशाने आतला जीव मरतो आणि आपण दोष देतो कोंबड्याला. यावर जुना उपाय आहे तोच चांगला: ओल्या रेतीत मडकं अर्धं गाडायचं, त्यात कोरडं कुटार घालून अंडी ठेवायची, वरून सुती कापड. रेती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. पण माझा आग्रह विचाराल तर एप्रिल-मेमध्ये कोंबडी बसवूच नका. उन्हात बसलेली कोंबडी धापा टाकून मरते आणि अंडीही जातात. पोळा झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्या जिल्ह्याला चांगला. त्यातही दिवाळीनंतर बसवली तर पिलं थंडीत मोठी होतात, सुगीचे दाणे सांडलेले असतात आणि उन्हाळ्याआधी पंखांत बळ येतं.

बसवायला उथळ टोपलं नाहीतर फुटकी पाटी चालते. तळाशी थोडी माती, तिला वाटीसारखा खोलगट आकार द्यायचा म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. त्यावर गव्हांडा किंवा कुटार. खाली चुलीतली चाळलेली राख आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला भुरभुरायचा. ही अंधश्रद्धा नाही. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीला उवा-पिसवा इतक्या छळतात, की ती अंडी सोडून पळते. टोपल्यात लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायची पद्धत मात्र वेगळी. त्याने आभाळाचा गडगडाट अंड्यांना बाधत नाही म्हणतात. मला त्यात तथ्य दिसत नाही, पण खिळ्याने नुकसानही काही नाही, तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नये.

गावरानीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मावतात, कडाक्याच्या थंडीत आठ-दहाच ठेवावीत. लोभाने पंधरा-सोळा ठेवली की कडेची आलटून पालटून गार होतात आणि सगळ्यांचंच बिघडतं. कोंबडीला संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवावं. दिवसा नवीन जागी बसवली तर बुजते. आधी एक-दोन दिवस साध्या अंड्यांवर बसवून पाहावं. टिकली तर रात्री हळूच ती काढून कडकनाथची सरकवावीत. तिला मोजता येत नाही आणि आपली-परकी करायची सवयही नाही.

रोज एकदा ती उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते, घाण करते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. उठत नसेल तर उचलून बाहेर ठेवा. अंडी उलटीपालटी करायचं काम ती स्वतःच चोचीने करते, दिवसातून कितीतरी वेळा. ते झालं नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो. मशीनमध्ये यासाठी मोटर लावलेली असते.

सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडासमोर धरून पाहायची. हा माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम! खोलीत अंधार करायचा, बॅटरीच्या तोंडावर मुठीची नळी करायची आणि रुंद टोक त्यावर टेकवायचं. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला की अंडं जिवंत. अगदी स्वच्छ दिसलं तर ते फलितच नव्हतं. लाल कडी नुसती दिसली तर जीव धरून मेलेला. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर ती आत सडून फुटतात आणि घर वासाने भरतं. मुलांना या वेळी जवळ बसवा. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली होती, ‘मावशी, ते हलून राह्यलं!’ पुस्तकातलं चित्र पाहून तिला एवढा आनंद झाला नसता.

इथे एक युक्ती सांगते, तीही गटातल्याच एकीची. शेजारच्या तीन घरांतल्या तीन कोंबड्या खुडूक असतील तर एकाच रात्री बसवा. सातव्या दिवशी तिघींखालची रिकामी अंडी काढली की उरलेली दोघींखाली मावतात. तिसरीला पुन्हा नवी अंडी द्या. पण तिला जास्तीचा आठवडा बसावं लागतं, म्हणून तिच्यापुढे दाणा-पाणी भरपूर ठेवा.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला बारीक तडा जातो आणि आतून चिवचिव ऐकू येते. तडा गेल्यापासून पिलू बाहेर यायला बारा तास लागतात, कधी पूर्ण दिवस. आपला जीव वरखाली होतो, नख लावून कवच काढावंसं वाटतं. काढू नका. तेवढ्या वेळात ते पोटात पिवळा बलक ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्तही शोषून घेत असतं. घाईने सोललं तर रक्त जातं. तो बलक पोटात असतो, म्हणूनच नुकतं जन्मलेलं पिलू दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. हॅचरीवाले खोक्यात भरून पिलं दूरवर पाठवतात ते याच जोरावर. आणि म्हणूनच कोंबडी पहिलं पिलू निघाल्यावर लगेच उठत नाही, मागच्यांसाठी थांबते.

कडकनाथचं नवजात पिलू निळसर काळं असतं, पाठीवर गडद पट्टे असतात. तांबड्या गावरान आईच्या पंखाखालून ही कोळशाची चिमुकली बाहेर डोकावतात, ते पाहण्यासारखं असतं.

‘मग मशीनच का घेऊ नये?’ हा प्रश्न येतो. घ्या की. पन्नास-शंभर अंड्यांची छोटी यंत्रं मिळतात, ज्यांचा व्यवसाय वाढलाय त्यांना ती लागतातच. पण तिथे तापमान, ओलावा, अंडी फिरवणं हे सगळं तुमच्या डोक्यावर. पहिले अठरा दिवस ओलावा ५५-६० टक्के, शेवटचे तीन दिवस त्याहून जास्त. आणि आपल्याकडची वीज! एकोणिसाव्या दिवशी रात्री चार तास दिवे गेले तर शंभर जिवांचा प्रश्न असतो. कोंबडीला भारनियमन नाही. यंत्रातून निघालेल्या पिलांना पुढे बल्बची ऊबही लागते: पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिलं स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब भिंतीला चिकटून चोची उघडल्या तर गरम होतंय. कोंबडीच्या पंखाखाली ही कटकट नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. पहिले काही दिवस ज्वारीच्या किंवा मक्याच्या बारीक कण्या, जमलं तर दुकानातलं पिलांचं खाद्य. पाणी उथळ ताटलीत आणि त्यात चार खडे, म्हणजे पिलं बुडत नाहीत. शेण आणि ओलं गोणपाट मडक्यात घालून वावराच्या बांधावर पालथं ठेवलं की उधई, म्हणजे वाळवी लागते. पिलांना ती मेजवानीच. मुंगूस, मांजर आणि घार यांचा बंदोबस्त तुम्हाला सांगायला नको.

पण लसीविषयी सांगायलाच हवं. आपल्याकडे कोंबड्यांची ‘मर’ येते, हिरवट-पांढरी हगवण लागते, माना वाकड्या होतात आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. हाच राणीखेत रोग, उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून नाव पडलेला. एकदा लागल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतचंच इंजेक्शन. मधे देवीची लस. अडचण अशी, की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते आणि बर्फात ठेवावी लागते. जिच्याकडे दहा पिलं, ती बाटली कशी आणणार? म्हणून आम्ही गावात लसीचा दिवस ठरवायला लागलो. पहाटे खुराडी उघडायच्या आधी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची, गल्लीतल्या सगळ्यांनी एकदमच लस द्यायची, खर्च वाटून घ्यायचा. ज्या गावात वर्षातून तीन-चार वेळा हे नेमाने होतं, तिथे ‘मर’ आली तरी गाव ओस पडत नाही.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहिण्याचं कारण मोताळा तालुक्यातल्या एका ताई आहेत. नाव सांगत नाही. नवरा नाही, दोन मुलं शिकतात. गटातून वीस हजारांचं कर्ज काढलं आणि गाडीतून आलेल्या एका विक्रेत्याकडून महिन्याची शंभर ‘कडकनाथ’ पिलं घेतली. ‘लसीकरण झालंय, मोठी झाल्यावर आम्हीच घेऊन जाऊ’ असं तो तोंडी सांगून गेला. तीन आठवड्यांत निम्मी मेली. उरलेल्यांतल्या बऱ्याच पक्ष्यांना मोठेपणी लाल तुरे आणि पिवळट पाय निघाले. फोन लागेना. ताईंनी सोयाबीनच्या निंदणीच्या मजुरीतून हप्ते भरले, पण गटात मान खाली घालून बसायच्या. त्या मान खाली घालण्याचा मला अजून राग आहे, कारण फसवणारा कुठेतरी ताठ मानेने फिरत असणार.

अशी फसवणूक मोठ्या प्रमाणावरही झाली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीविरुद्ध गुन्हे दाखल झाले. पिलांसाठी पैसे घ्यायचे, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचा करार करायचा, अशी ती योजना होती. पुढे कंपनीने माल उचलणं थांबवलं आणि राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये अडकले. चिडलेल्या लोकांनी त्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या यात्रेपुढे कोंबड्या आणि अंडी फेकली होती. अशा योजनेत अंड्याला जो भाव मिळतो, तो खाणारा देत नसतो, नव्याने पिलं घेणारा देत असतो. नवे गिऱ्हाईक थांबले की भाव संपला. तेव्हा कुणीही ‘आम्हीच परत घेऊ’ म्हटलं की आधी एवढंच विचारा, ‘आणि तुमच्याकडून खातं कोण?’

अस्सल पक्षी ओळखायचा कसा? इथे निसर्गाचीच गंमत आहे. काळा रंग हा जोरकस गुण आहे. कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबडी यांची पिलंही बरीचशी काळी निघतात. म्हणून नुसता रंग पाहून विकत घेऊ नका. लाल तुरा, गुलाबी जीभ, पांढरट नखं दिसली तर मिसळ आहे. कधी पहिल्या पिढीत काहीच कळत नाही, पुढच्या पिढीत रंग फुटतात. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची कडकनाथची हॅचरी आहे. आपल्याकडे जळगाव जामोदला आणि बुलढाण्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे. तिथे विचारून, पावती घेऊन, थोडेच पक्षी घ्यावेत.

घरी आल्यावरही जपावं लागतं. परसात गावरान कोंबडा फिरत असेल आणि तुम्ही कडकनाथ कोंबड्या त्यातच सोडल्या तर पिढीत भेसळ झालीच. शिवाय कोंबडा वेगळा केला तरी कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून तीन आठवडे फक्त कडकनाथ कोंबड्याबरोबर ठेवून मगच बसवण्यासाठी अंडी गोळा करायची. आधीची अंडी विका, खा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

आणि उलटही तितकंच खरं. सगळ्यांनी कडकनाथ, गिरिराज, वनराज यांच्या मागे लागून गावरान कोंबडे कापून खाल्ले तर खुडूक बसणारी कोंबडी आणायची कुठून? देशी जातींच्या सरकारी नोंदीत कडकनाथ आहे, असील आहे, आपल्या राज्याच्या गुजरात सीमेवरची बुसरा आहे. वऱ्हाडातल्या गावरानीला मात्र वेगळं नावच नाही, ती नुसती ‘गावरान’. ती तांबडी, चितकबरी, मोडक्या टोपल्यात बसणारी कोंबडी संपली तर तिची बातमीही होणार नाही.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की अजून धडकी भरते. देशातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला झाला आणि मार्चमध्ये तो शेजारच्या जळगाव जिल्ह्यात आला. जळगाव म्हणजे खान्देशातलं, जामोदचं नव्हे. त्या वेळी परसातल्या कोंबड्याही गोळा करून मारल्या गेल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा तेच. एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर लपवू नका, नाल्यात फेकू नका, घाईने कापून खाऊ तर मुळीच नका. दवाखान्यात कळवा. शिजवलेल्या अन्नातून हा विषाणू येत नाही, सत्तर अंशांना तो मरतो. भीती कच्चा पक्षी हाताळण्यात असते.

त्या मोताळ्याच्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. शंभरातून निवडून निवडून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा अस्सल वाटतील असे उरले होते. पण बसायला कोंबडी नाही, यंत्राला पैसे नाहीत. मग गल्लीतल्या दोघी पुढे झाल्या. ताईंची अंडी, शेजारणींच्या खुडूक कोंबड्या, पिलं अर्ध्या वाट्याने. शेळी वाट्याने देतात तसंच! पहिल्या खेपेला बावीस अंड्यांची सतरा पिलं निघाली, त्यातली चौदा जगली. श्रीमंत कुणी झालं नाही. गटाचं कर्ज फिटायला पूर्ण दोन वर्षं लागली. पण ज्यांच्या कोंबड्या ‘कामाच्या नाहीत’ म्हणून बाजारात जाणार होत्या, त्यांच्याही हातात अंड्यांचा पैसा येऊ लागला. अंड्यांचा पैसा वेगळा असतो, हे बायकांना सांगावं लागत नाही. सोयाबीनचा, कापसाचा पैसा घरधन्याच्या खिशात जातो आणि सावकाराच्या वहीतून बाहेर पडतो. अंड्यांचा पदराच्या गाठीत राहतो. वही-पेन, एसटीचं तिकीट, मुलीचे सॅनिटरी पॅड त्यातूनच येतात.

आता त्या गल्लीत नवा प्रश्न आहे. सगळी काळी पिलं एकाच कोंबड्याची. त्याच्याच मुलींशी तो पुन्हा जोडला गेला तर पिढी कमजोर होईल, अंडी कमी उबतील. म्हणून आम्ही पिलांच्या पायात रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या घातल्या आहेत, प्रत्येक घराचा रंग वेगळा. कोणती कोंबडी कोणत्या कोंबड्याची, हे ताईंच्या थोरल्या मुलाने वहीत लिहून ठेवलंय. चिखली तालुक्यातल्या एका गटाकडे दुसऱ्या वंशाचे कडकनाथ आहेत. दिवाळीनंतर त्यांचा निळ्या कडीचा कोंबडा मोताळ्याला येईल आणि मोताळ्याचा लाल कडीचा तिकडे जाईल. दोघांच्याही लसीची तारीख वहीत आहे. एसटीत कोंबडा न्यायचा कसा, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.